हिरव्या टोपीचा हात

दिव्यांच्या अवसेला चार दिवस होते, तेव्हा शेठचा तो इटालियन दिवा आमच्या कोसाडच्या खोलीत आला. घोडदोड रोडवरच्या या शेठना जुन्या इटालियन दिव्यांचा भारी नाद, आणि त्यांच्या वायरी बदलायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. सत्तर वर्षांपूर्वी मिलानमध्ये घडवलेला तो दिवा माणसाएवढा उंच होता. पितळी दांड्याला तीन हात, आणि हातांवर लाल, पांढरी, हिरवी अशा पत्र्याच्या टोप्या. दोन हात हवे तसे वळत. हिरव्या टोपीचा मात्र आधीच्या घरातच कधीतरी खाली वाकून अडकलेला. तेवढा मोकळा करून द्यायचा होता.

ह्यांनी तेल घालून तो वर केला, स्क्रू आवळला. तिन्हीसांजेला दिवा लावून पाहिला, तर हात पुन्हा खाली, आणि उजेडाचं थाळीएवढं वर्तुळ बरोबर आमच्या जेवायच्या दोन पाटांच्या मधोमध. तीन दिवस हेच. हे वैतागले, मी नाही. अकरा वर्षं कानबाईकडे बाळाचं एकच मागणं मागते आहे. त्या रिकाम्या जागेवर कुणी उजेड धरला, हेसुद्धा मला प्रसादासारखं वाटलं.

अवसेला घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले. हा पाटावर कसला मावतोय, त्याला जागेवरच हळदकुंकू वाहिलं. सासूबाई सांगायच्या, आज दिवे आपापल्या घरची हकीकत एकमेकांना सांगतात. याच्या घरी कोण कोण असेल, असं मनात येऊन गेलं. मग गूळ घालून कणकेचे दिवे उकडले. दोघांचे दोन, आणि एक उगीच, त्या वर्तुळात ठेवायला.

आरती करून वळले, तर त्या तिसऱ्याचा काठ खाल्लेला.

"उंदीर व्हई," हे म्हणाले.

मी उचलून पाहिला. काठ ओला होता, आणि त्यावर दोनच खुणा, मध्ये फट असलेल्या, दुधाच्या दातांच्या असाव्यात तशा.

दिवा आणखी थोडे दिवस ठेवू या, असं मी सुचवलं, तर तो काय आपला भाऊबंद आहे मुक्कामाला ठेवायला, म्हणून हे हसले. सकाळी रिक्षात घालण्याआधी दोरी आणायला खाली गेले, तेवढ्यात मी हिरव्या टोपीवर हात ठेवला.

"राहायचं असेल तर राहा," म्हटलं.

संध्याकाळी शेठचा फोन आला, ह्यांनी स्पीकरवर घेतला. फार खूश होते. हात आता फुलासारखा हलका वळतो, सोडला तिथे थांबतो, म्हणाले, मग हसत विचारलं, "कुंदनभाई, अंदर से क्या निकाला?"

"कुछ नहीं, शेठ," हे म्हणाले.

मी आतून ऐकत होते. दोन ताटांच्या मधोमध तिसरं मांडलं, आणि त्यातला भात जरा मऊ कालवला.