थैलीवरची टकटक

मी बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, खाली बघा. लोधिवलीच्या शिवारात, बांधावरच्या ऐनाच्या बुंध्याला मातीनं माखलेली बोटभर जाडीची मुळी टेकलेली दिसेल. ती मुळी नाही, माझी रेशमाची थैली आहे. अर्धी जमिनीत, अर्धी वर. आत राहणारी कोळीण ती मी.

रूप म्हणाल तर काळपट तपकिरी, आखूड पायांची, आणि तोंडापुढे अंगाच्या मानानं भलतेच लांब सुळे. थैलीवरून किडा चालला की आतूनच सुळे खुपसायचे, त्याला आत ओढायचं आणि भोक विणून बुजवायचं. मोहरीएवढी असताना आईच्या थैलीतून निघाले, माणसाची वीसेक पावलं चालले, तेवढाच माझा मुलूख. या बांधावर माझ्या जातीचं दुसरं कुणी असेल तर मला ठाऊक नाही. आठ वर्षं झाली. खरं सांगते, एकटेपणा खायला उठतो.

यंदा फाल्गुनात थैलीवर टकटक झाली. किडा असा वाजवत नाही. थांबून थांबून, विचारल्यासारखी. आमच्यातला नर असाच येतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळलं. पण जे हलेल त्याला सुळे, हा माझा जन्माचा रिवाज! सुळे कसेबसे आवरले. त्याला आत घ्यायचं, तर तेही सुचेना. मी नुसती बसून राहिले.

तेवढ्यात पाला ओढायचं दाताळं खरखरलं. भाताची रोपं टाकायच्या जागी राब भाजायचा, म्हणजे पाला पसरून जाळायचा, म्हणून जयवंता आणि तिचा नवरा भिवाजी पाला गोळा करत होते. जयवंतानं माझी थैली चिमटीत धरली.

"अवं, ह्ये मूळ उपटू का?"

"मूळ नाय गं ते. कोळ्याचं घर हाय. गरीब जीव, राहू दे."

तिनं हात काढला. भोवतालचा पाला मात्र ओढून ओढून पाटीत भरला, बुंधा अगदी लख्ख केला. टकटक थांबली.

दोन दिवसांनी खालच्या खाचरातून धूर आला. पाल्याबरोबर गेलेला तो नर पाटीतून उतरून पळाला असेल, असं मी मनाला समजावते. मन ऐकत नाही.

जयवंता, तुझ्यावर राग नाही गं. तू माझं घर राखलंस. पुढच्या वर्षीही पाला खुशाल ने. फक्त दाताळं लावण्याआधी झाडाखाली जराशी टेक, घोटभर पाणी पी. कुणी टकटक करत आला असेल, तर तेवढ्यात मी त्याला आत घेईन. त्या वेळी उशीर करणार नाही.