थोडं, बरंच आणि चाळीस फूट

मित्रांनो, मी पाणी मोजणारी एक जुनी पट्टी आहे. बोरीवलीच्या डोंगराला टेकलेल्या एका लहान तलावात, बंधाऱ्याच्या भिंतीला मला जडवले आहे. पाणी किती फूट आहे, एवढेच मी सांगते.

तलावाखाली ओढा आणि ओढ्याकाठी वस्ती. नियम असा होता, की पाणी चाळीस फुटांवर गेले तर बंधाऱ्याचा दरवाजा पूर्ण उघडायचा. तोवर हात लावायचा नाही, कारण उन्हाळ्यासाठी साठा हवा. दरवाजा सांभाळणारे गुणाजी चावीवाले मात्र आधी मला पाहत, मग डोंगरावरचे ढग पाहत, आणि दरवाजा थोडासा उचलायला त्याच्या चाकाला एक-दोन आटे देत. त्यावरून तलावाचे अधिकारी नंदकिशोर साहेब यांची बोलणी खात.

१९८७च्या जुलैत अनुपमाबाई आल्या. त्या इंजिनिअर होत्या. वही घेऊन गुणाजींपाशी बसत.

"काका, आज दोनच आटे का?"

"पाणी बरंच हाय, पाऊस थोडा."

"बरंच म्हणजे किती फूट?"

"बाई, आमटीत मीठ मोजून घालता काय?"

बाईंनी तेही लिहून घेतले. गुणाजींच्या प्रत्येक शब्दाला त्यांनी दहापैकी गुण दिले. सदतीस फुटांना 'बरंच' दहापैकी पाच, अडतीसला साडेसहा. 'हो' आणि 'नाही' यांच्या मधले अंशही धरणाऱ्या या पद्धतीला फझी लॉजिक म्हणतात, असे त्यांनी सांगितले. इतकी वर्षे मी फक्त आकडे सांगितले. आकड्यांमधली जागा मोजणारे मी प्रथमच पाहिले.

एका दुपारी पाऊस कोसळू लागला. माझ्यावर एकोणचाळीस.

"अजून फूटभर आहे," साहेब म्हणाले.

"चाळीसला एकदम उघडलं तर वस्तीत पाणी शिरेल," बाई म्हणाल्या. वहीतल्या गुणांवरून आट्यांचा हिशोब करून, उत्तर झाकून त्यांनी विचारले, "काका, किती?"

"चारेक आटे."

वहीतही चारच होते.

"मग लेखी द्या," साहेब म्हणाले. बाईंनी भिजक्या कागदावर सही केली आणि गुणाजींनी चाक फिरवले. पाणी साडेएकोणचाळीसवर थांबले.

सकाळी वस्तीतली द्रौपदी वर आली. "पाणी पायरीपर्यंत आलं, आत नाय. पण सोडताना हाक मारा ना, माझी बादली गेली."

त्या दिवसापासून दरवाजा उघडण्याआधी वस्तीत हाक जाऊ लागली. बंधाऱ्यावरच्या चौकीत किती पाण्याला, किती पावसाला किती आटे, याचा नवा तक्ता लागला. त्याखाली दोन नावे होती, पहिले गुणाजींचे.

मित्रांनो, पावसाळा सरला की माझ्यावर शेवाळ चढते, तेवढे घासून काढा. आणि आयुष्यभर पाणी पाहिलेला माणूस 'थोडं' म्हणाला, तर हसू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि तो आहे तोवर लिहून घ्या.