माझी झोप पुन्हा मोजा

बायडाबाई धार काढता काढता झोपली, आणि तीही घरच्या गोठ्यात नव्हे, दूध कट्ट्यावर, चारचौघांच्या देखत.

उचगावातून रोज संध्याकाळी ती दोन म्हशी हाकत शहराच्या कडेला असलेल्या कट्ट्यावर न्यायची. गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहायचं, पेला द्यायचं, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत धार थेट पेल्यात सोडायची. फेसाळलेलं कोमट दूध उभ्या उभ्या पिऊन माणूस मिशा पुसत जायचा. तीस वर्षं हे चाललं होतं. त्या दिवशी मात्र धारेचा आवाज मध्येच थांबला. बाईचं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलेलं आणि पेला शेणात.

"मावशी, दूध मागितलंतं, अंगाई न्हवं!" गिऱ्हाईक ओरडलं आणि सगळा कट्टा हसला. म्हैस गरीब म्हणून लाथ बसली नाही.

बातमी तिच्या आधी घरी पोचली. मुलगा ऋतुराज कारखान्यातून येऊन दारातच उभा होता.

"बास झालं आई. वय झालं तुझं. येत्या बाजाराला दोन्ही म्हशी वडगावला न्यायच्या. टेम्पो सांगितलाय मी."

"कुणाला इचारून?"

"इचारायचं काय त्यात? उद्या म्हशीनं तुडीवलं म्हंजे?"

बायडाबाई अठ्ठावन्न वर्षांची. वय झालं हे तिला मान्य नव्हतं, पण काहीतरी झालं होतं हे तिलाही कळत होतं. दोन वर्षं ती रात्री नवाला पडायची, पहाटे चारला उठायची, आणि उठताना वाटायचं, रात्रभर कुणीतरी अंगावर पोती रचली होती. तोंड कोरडं, डोकं जड. रक्त तपासून झालं, ते चांगलं निघालं. दृष्ट काढली, तर मिरच्यांचा ठसका घरभर उठला, म्हणजे दृष्टही नव्हती.

"बाजार कधी हाय?"

"आठ दिसांनी."

"मग आठ दिस माझं. म्हातारी झालीया का आजारी हाय, ते मला आधी कळू दे."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, जोतीरामला, घेऊन ती गावातल्या संघप्रिया डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोरता का मावशी?"

"छ्या! बाईमाणूस मी."

डॉक्टरांनी जोतीरामकडे पाहिलं. जोतीरामनं पंख्याकडे पाहिलं.

"अवो, सांगा की मॅडमना," बायडाबाई म्हणाली.

"काय सांगू? चार वर्षं मी भायेर सोप्यात झोपतोय, ते कशापाई?"

"उकडतंय म्हणून!"

"थंडीत बी?"

बायडाबाई त्याच्याकडे वळली. "मग मला सांगायला तोंड शिवलं हुतं तुमचं?"

"बायकूला कसं सांगायचं गं, तू घोरतीस म्हणून? आन नुसतं घोरत न्हाईस. मधीच गप हुतीस. मी सोप्यात पडल्या पडल्या धा मोजतो, वीस मोजतो, वाटतं गेली आता. मग भस्सकन श्वास घेतीस. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडतो."

बायडाबाईला आता उमगलं. आपण रात्री मरत होतो आणि हा माणूस बाहेर आकडे मोजत बसला होता.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. झोपेत घसा मिटत असेल, श्वास अडत असेल, म्हणून झोप होऊनही झोप होत नाही, असं त्यांनी समजावलं आणि कपाटातून एक यंत्र काढलं. मोबाईलएवढी डबी, छातीला बांधायचा पट्टा, बोटाला लावायचा चिमटा आणि नाकाखाली एक बारीक नळी. "हे घालून घरीच झोपायचं. सकाळी आणून द्या. श्वास किती वेळा थांबतो ते यात उमटतं."

आता बायडाबाईचं घर असं, की शेजारणीची चाळण आणली तरी ती फडताळात वर ठेवायची आणि पोरांना तिकडं फिरकू द्यायचं नाही. दुसऱ्याची वस्तू म्हणजे दुसऱ्याचं लेकरू. इथं तर यंत्र होतं. अंगाखाली आलं, नळी चेपली, तर डॉक्टरला काय तोंड दाखवायचं? तिनं भिंतीला वाकळांची चवड लावली, तिला पाठ टेकली, हात मांडीवर ठेवले आणि बसल्या बसल्याच रात्र काढली.

तपासणीचा निकाल आला. विशेष काही नाही.

"बघ," ऋतुराज म्हणाला. "मशिनीनं बी सांगितलं. वय हाय हे." टेम्पो परवा येणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायडाबाई गोठ्यात बसली, तर डोकं नेहमीसारखंच जड. तिला आठवलं, यंत्र काढलं त्या सकाळी ते जड नव्हतं. धार झरझर निघाली होती. तिचा हात थांबला. ती रात्र तिची नव्हतीच मुळी. यंत्रानं मोजली ती यंत्राची राखण करणाऱ्या बाईची झोप.

दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर हजर. दार उघडल्यावर नोंदी ठेवणाऱ्या बाईनं कागद पाहिला. "आजी, तुमचा रिपोर्ट चांगला आहे. मशीन आज दुसऱ्या पेशंटला द्यायचंय."

"चांगला असंल, पण माझा न्हाय. माझी झोप पुन्हा मोजा."

"असं पुन्हा पुन्हा नसतं हो."

"का नसतं? दुधाचं माप चुकलं तर पुन्हा मोजून घेता का न्हाय? मी हितनं हालत न्हाय."

ती बाकावर बसली ती बसलीच. आवाज ऐकून संघप्रिया डॉक्टर बाहेर आल्या. बायडाबाईनं वाकळांची हकीगत सांगितली.

"तुम्ही बसून झोपलात?"

"मग काय तुमचं यंत्र अंगाखाली घालू?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "चूक माझी. मी सांगायला हवं होतं. बसल्यावर घसा कमी मिटतो, मावशी. मोडलं तर मोडू दे यंत्र. घरी झोपता तसंच झोपा."

त्या रात्री बायडाबाई आपल्या खाटेवर, आपल्या सवयीनं, उताणी, हातपाय पसरून झोपली. सोप्यात जोतीराम जागाच होता.

सकाळी उजाडताना टेम्पो दारात. दलाल खाली उतरला, म्हशींच्या पाठीवर थाप मारायला पुढं सरला. गोठ्याच्या तोंडाशी बायडाबाई उभी. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. दलाल दचकून दोन पावलं मागं सरला.

"पावणं, चा घ्या आणि जावा. म्हशी न्हाईत इकायच्या."

"आई, रिपोर्ट तरी येऊ दे!" ऋतुराज मागून ओरडला.

"येऊ दे की. आजार निघाला तर औषध घीन. न्हाई निघाला तरी म्हातारपण माझं हाय, आन म्हशी बी माझ्या हायत. कवा इकायच्या ते मी सांगीन. तू ठरवायचं न्हाय."

ऋतुराजनं बापाकडं पाहिलं. जोतीराम म्हणाला, "माझ्याकडं काय बघतूस? मी चार वर्षं गप बसलो, ती चूक पुन्हा न्हाय करायचा." टेम्पो रिकामा गेला.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. तासाला सरासरी छत्तीस वेळा श्वास अडत होता. उपाय होता. रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं, त्यातून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. लगेच जादू होणार नाही, सवयीला काही आठवडे लागतील, वजनही थोडं उतरवावं लागेल.

"रोज ते तोंडाला बांधून झोपणार तू?" मास्कची पेटी घेऊन परतताना ऋतुराजनं विचारलं. "गाव हसंल."

"हसू दे. कट्टा हसला तवा मेले का मी?" बायडाबाई दोन पावलं चालली आणि थांबली. "आन ऐक. सवय हुईस्तोवर मी पहाटंचं उठणार न्हाय. पहाटंची धार तू काढायची."

"मी? मला कुठं येती?"

"वय लहान हाय की तुझं. शिकशील."

दुसऱ्या पहाटे ऋतुराज बादली घेऊन गोठ्यात शिरला. म्हशीनं त्याला हुंगलं आणि पान्हा चोरला. अर्ध्या तासात बादलीचा तळही झाकला नाही, पाठीत मात्र शेपटीचे चार फटके बसले. आत बायडाबाई मास्क लावून झोपली होती. जोतीराम सोप्यातून उठून तिच्या दारापाशी आला, तिच्या श्वासाला कान देऊन उभा राहिला आणि मग गोठ्यात येऊन पोराला हळूच म्हणाला, "हाक मारू नगस तिला. अंगठा आत दुमड, मग वढ."