शकुबाईचे बुधवार

चिमूरहून आलेल्या एसटीतून उतरून देवाजी तलावाच्या पाळीवरून चालू लागले. आचलच्या लग्नाची पत्रिका खिशात होती. आचल म्हणजे शकुबाईची नात. आरोग्यसेवकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन देवाजींना सहा वर्षं झाली होती.

वीस वर्षांपूर्वी ते इथे जीपने आले होते, भोंगा लावून. चावडीवर हत्तीरोगाची चित्रं टांगली, गोळ्या वाटल्या. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांनी गोळ्या घेतल्या आणि कोंबड्यांपुढे टाकल्या. गर्दीच्या मागून एक बाई लंगडत पुढे आली, हीच शकुबाई. डावा पाय खांबासारखा सुजलेला.

"भाऊ, हा माहाच पाय छापला का तुमी? मले पाहून लोकायनं भ्यावं म्हणून?"

देवाजींनी चित्रं गुंडाळली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी ते सायकलने आले. चित्रं नाहीत, भोंगा नाही. घमेलं, साबण आणि जुना पंचा तेवढा. शकुबाईच्या अंगणात बसून त्यांनी तिचा पाय धुतला, बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने कोरड्या केल्या, मलम लावलं. शकुबाई लाजून तोंड फिरवून बसली. कुंपणापलीकडून बाया बघत होत्या. कोणी हसलं नाही.

असे कितीतरी बुधवार गेले. सूज काही गेली नाही, पण वास गेला, आणि दर महिन्याला हुडहुडी भरून येणारा ताप थांबला. पुढच्या वर्षी पुन्हा गोळ्या आल्या तेव्हा शकुबाईच घरोघरी फिरली. "माहा पाय तं गेला, पोरायचे वाचवा. आधी जेवा, मंग माह्यासमोर गिळा. उपाशीपोटी चक्कर येते." तिच्या डोळ्यांदेखत सगळ्या वस्तीने गोळ्या गिळल्या. देवाजी नुसते नोंदी लिहीत बसले होते. नोकरीत इतकं समाधान त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही.

आज मांडवात शकुबाई खाटेवर बसली होती. केस पांढरे, नजर तशीच.

"आले का, देवाजीभाऊ. आता तं मोबाइलवर पिक्चर दाखवतेत हत्तीरोगाचा."

"चांगला असते का?"

"असते. पण त्याले काही विचारता येत नाई. बदली झाली तवा सांगून काऊन नाई गेले? चार बुधवार मी पाणी गरम करून बसली होती."

देवाजींना हे माहीतच नव्हतं. बदलीचा कागद सोमवारी आला होता, गुरुवारी हजर व्हायचं होतं. मधला बुधवार बांधाबांधीत गेला. तेवढ्यासाठी कोण कुठे कळवत बसतं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"चुकलं माहं, बाई," ते म्हणाले.

शकुबाईने सुनेला हाक मारली. "प्रेमिला, भाऊले पाट दे. मोठी मासोळी त्याह्यलेच वाढ."

शेवटची एसटी पाचला होती. देवाजींनी घड्याळाकडे पाहिलं, आणि चप्पल काढून पाटावर बसले.