आई मोहावरून येईपर्यंत

‘आपल्या मागून कोणीतरी येत आहे असे तुम्हाला वाटते का?’ असा प्रश्न होता आणि खाली चार चौकोन होते. कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी. मी ‘नेहमी’वर खूण केली. शेजारी बसलेल्या उर्वशीनंही तिथंच केली, आणि तिनं माझ्या कागदात डोकावलं नव्हतं. सिंदेवाहीच्या पलीकडं, जंगलाला खेटून असलेल्या आमच्या गावात जो ‘कधीच नाही’ म्हणेल तो एकतर पाव्हणा असेल, नाहीतर फार दिवस टिकणार नाही.

एकट्याने बाहेर जायची भीती वाटते का? वाटते. लहानसहान आवाजाने दचकता का? दचकते, म्हणून तर जिवंत परीक्षेला बसले आहे. जवळ कोणी नसताना मोठ्याने बोलता का? बोलते, गातेसुद्धा. रानात आपण आहोत हे त्याला कळायला नको? हा पेपर ज्यानं काढला तो पहाटे लोटा घेऊन बांधावर कधी गेलेला नाही, हे मी छातीठोक सांगते.

चंद्रपूरच्या एका सिक्युरिटी एजन्सीत आम्ही दोघींनी गार्डचं ट्रेनिंग घेतलं होतं. परेड झाली, आग विझवणं झालं, पोलिसांचा दाखला आला. यंदापासून एजन्सीनं मनाची चाचणी लावली. ती पास तर कार्ड, कार्ड असेल तर एका मोठ्या दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डाचं गेट. परेडमध्ये आम्ही पोरांना मागं टाकलं होतं, तेव्हा गेट आमचंच असं मी धरून चालले होते. मला ते हवं होतं ते आईसाठी. बायनाबाई, माझी आई, दरवर्षी मोहाच्या दिवसांत अंधारात टोपलं घेऊन रानात जाते. ते मला थांबवायचं होतं.

निकालात आम्ही दोघी ‘अयोग्य’. एजन्सीचा सुपरवायझर प्रवीण पोट धरून हसला. म्हणे, तुमचं पूर्ण गावच नागपूरच्या पागलखान्यात भरती करावं लागते. मी म्हटलं, करा, आमच्या जागी तुम्ही राहायला या. तेव्हा हसू आवरून तो म्हणाला की नापास झालेल्यांना पुण्याहून आलेल्या मानसतज्ज्ञ मॅडमसमोर बसून बोलायची एक संधी आहे. त्या म्हणतील ते शेवटचं.

मॅडम माझ्याच वयाच्या. माझा कागद समोर घेऊन त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “नंदिनीताई, कोण येतं तुमच्या मागून?”



आमच्याकडं घरातलं माणूस रानात असताना मागून येणाऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो कान टवकारतो, म्हणतात. आम्ही बौद्ध. देव नाही, भूत नाही, अंगारा नाही, आणि याच आईनं माझ्याकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या. शाळेत असताना मी तिला विचारलं होतं की मग हे काय? ती म्हणाली, “हे मानणं नोहोय. आपण त्याच्या घरात जातो, मंग त्याले नावानं हाका काऊन माराव?” मी तेव्हा भांडले होते. पण त्या सकाळी आई मोहावर होती. एक शब्द टाकला की माझं कार्ड होणार होतं, आणि जीभ हलत नव्हती.

मॅडमनी पेन उचललं. सांगता येत नाही का, असं विचारलं.

“येते. पण आत्ता नाई. आई घरी आल्यावर.”

आई कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रानात, मोह वेचायला. मोहाची फुलं पहाटे गळतात, गुरांनी खायच्या आत वाकून वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेलं माणूस त्याला मागून जनावरासारखं दिसतं. मॅडमचा चेहरा उजळला. कोडं सुटल्यासारख्या त्या बोलून गेल्या, “अच्छा, म्हणजे वा—”

मी टेबलावरून झेप घेतली आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

दारात प्रवीण उभा होता. तो म्हणाला, झालं, आता पोलिसांचा दाखलाही गेला. मला वाटलं, खरंच गेलं. पण माझ्या हातावरून मॅडमचे मोठे झालेले डोळे माझ्याकडं बघत होते, आणि हाताखाली त्या हसत होत्या हे तळव्याला कळलं. हात काढल्यावर त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाल्या, आई आली की या. मी आहे.

उर्वशी आणि मी व्हरांड्यात बसलो. उर्वशीच्या घरचे त्या दिवशी सगळे गावातच होते, पण माझ्या आईसाठी तिनंही मॅडमसमोर तोंड शिवून घेतलं. आईचा फोन खुंटीला असतो. रानात वाजला तर नसती पंचाईत. ऊन चढलं की ती येते. ऊन चढलं, डोक्यावर आलं, फोन कोणी उचलेना. प्रवीण चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “आली का?” मी नाही म्हणून मान हलवली. तो तिथंच बसला. मघाशी हसणारा माणूस आता चाचणीसाठी दारावर रांगेत उभ्या पोरांना ‘ते नाव काढू नका’ म्हणून दटावत होता. मॅडम डबा घेऊन बाहेर आल्या. त्याही विचारून गेल्या. मी परत फोन लावला.

मग फोन वाजला.

“काऊन वो, इतले फोन? मेलं का कोणी?” आईच होती. शेजारच्या ठमाबाईकडं चहा प्यायला बसली होती म्हणे, टोपलं जड झालं होतं, गोष्टीत वेळ गेला.

मी आत धावले. मॅडमनी पेन ठेवलं, हात घट्ट तोंडावर धरला आणि डोळ्यांनी विचारलं.

“वाघ,” मी म्हटलं. आणि मग राहवेना, जोरात म्हटलं. व्हरांड्यातून उर्वशीनं म्हटलं, प्रवीणनं म्हटलं, रांगेतल्या पोरांनी म्हटलं. सकाळपासून कोंडलेला वाघ सगळ्या ऑफिसात मोकळा सुटला.

मॅडम हसून दमल्या तेव्हा त्यांनी एकच विचारलं. रात्री गेटवर एकटीनं उभं राहायचं, भीती वाटेल का?

“वाटन. म्हणून तर मांगं पाह्यत राहीन.”

आम्हा दोघींच्या कागदावर त्यांनी ‘योग्य’ लिहिलं. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. उद्या त्या ताडोब्याला जाणार होत्या. त्यांच्या आईनं पुण्यात बसून नाव घेतलं तर चालतं का?

“नाई चालत,” मी म्हटलं.

त्यांनी तिथंच आईला फोन लावला.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं की कार्ड मिळालं, आता मोह बंद. ती म्हणाली, नोकरी तुले लागली, मले नाई. उद्या चाल सोबत.

गेले. खाकी अजून मिळायची होती, पण एजन्सीची शिटी गळ्यात होती. आई वाकली की मी तिच्या मागं उभी राहत होते आणि शिटी वाजवत होते. रानभर मोहाचा वास सुटला होता. आई वाकल्या वाकल्या म्हणाली, हे बरं आहे, गाणं म्हणायचा तरास वाचला.