पालथा तांब्या

किल्ला पाहायला येणाऱ्यांना आता किल्ला दिसेनासाच झाला होता. बुरूज, तोफा, तटातलं देऊळ, सगळं सोडून जो तो विहिरीकडे धावत होता. चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर, हेच मुळात नवल. त्यात आता कुणा बाबांच्या हातून ती न्यायही करू लागली होती. पुण्यवानाला गोड पाणी, पाप्याला खारं!

"ढकलू नका! विहीर कुठं पळून जात नाही!" बाबांचा चेला ओरडला.

"विहीर नाही हो, आमची नाव पळेल! भरती लागतेय!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाबा कठड्यावर बसले होते. हातातल्या तांब्याच्या गळ्याशी शिशाचं जड कडं आणि दोन दोऱ्या: तळाच्या कडीला लाल, गळ्याला पांढरी. "लाल पापाची, पांढरी पुण्याची. मी कोण? नुसता दोर धरणारा. बोलते ती विहीर!"

माझी धाकटी जाऊ शेजारी उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. दीर किल्ल्यावर पर्यटक नेतात. त्यांची नाव या हंगामात दोनदा फुटली आणि सासूबाईंनी कारण शोधून काढलं, धाकटीचा पायगुण! आज पाणी खारं निघालं तर तिला कायमची माहेरी सोडायची, असं ठरलं होतं. दीर खाली मान घालून उभे. समुद्राशी झुंजणारा माणूस, पण आईपुढे तोंडातून ब्र निघेल तर शपथ.

"ताई, मी ते पाणी पिणारच नाही," धाकटी पुटपुटली.

"नुसती बघत राहा," मी म्हटलं. जपमाळ हातात होती, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आधी एका दुकानदाराची पाळी आली. तांब्या पांढऱ्या दोरीवर गेला, पाण्याला टेकताच भरला, वर आला. "गोड! अगदी गोड!" दुकानदार नाचायचाच बाकी राहिला.

मग धाकटी. चेल्याने सासूबाईंशी रांगेतच गप्पा मारून घेतल्या होत्या. तो बाबांच्या कानाला लागला आणि या वेळी लाल दोरी ताणली गेली.

"पाहा! पाप्याचा तांब्या आपोआप पालथा होतो!"

पालथा तांब्या खोल, अगदी खोल गेला. बाबांनी पांढऱ्या दोरीला हिसका दिला. भडाभडा बुडबुडे वर आले.

"पाप सुटतंय, पाप!"

सासूबाईंनी तांब्या तोंडाशीच धरला तसा धाकटीने घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"मी म्हणत नव्हते?" सासूबाई कडाडल्या. "आजच्या आज माहेरी!"

माझे मणी त्या बुडबुड्यांपाशीच थांबले होते. हे बुडबुडे मी रोज बघते. भांडी घासताना पालथा पेला बादलीत दाबला, तर आतली हवा पाण्याला शिरू देत नाही. पेला कलता केला की हवा भडभड बाहेर येते आणि पाणी आत जातं. म्हणजे तांब्या रिकामाच खाली गेला आणि तळाशी भरला.

"बाबा, माझंही बघायचंय," मी म्हटलं.

"माऊली, तुमची कसली परीक्षा! चेहऱ्यावर उपासाचं तेज आहे!"

"मग भीती कसली? दोर मीच धरते."

"त्याला दीक्षा लागते!"

"बोलते ती विहीर ना? मग माझ्याशीही बोलेल."

"धरू द्या हो!" दुकानदार हसला. "विहीर काय तुमच्या नावावर आहे?"

मी लाल दोरीने तांब्या पालथा सोडला. तळाशी गेल्यावर पांढरी ओढली. तेच बुडबुडे. पाणी सासूबाईंना दिलं. त्यांनी थू थू केलं.

"अगं बाई! तू पापी?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एकीच्या जागी दोघी माहेरी जायच्या! घाईघाईने पांढरी दोरी धरली आणि वरचंच पाणी घेतलं. "आई, हे धाकटीच्या नावाचं."

त्या बराच वेळ ते पाणी तोंडात घोळवत राहिल्या. "गोड आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"लग्नानंतर पहिल्या दिवशी आपल्या परसातल्या विहिरीवर मला काय सांगितलं होतंत?"

"वरवरचं घे, खोल बुडवू नकोस..." त्यांचा आवाज उतरला. "खाली खारं असतं."

"मग ही विहीर काय वेगळी आहे? पावसाचं पाणी हलकं, ते वर राहतं. समुद्राचं जड, ते फटींतून शिरून खाली बसतं. त्याला आपलं पापपुण्य काय ठाऊक?"

"आता बाबांचं काढा! पालथ्या तांब्याने!" गर्दी ओरडली.

"भरतीला विहीर झोपते," म्हणत बाबा उठले. चेला आधीच धक्क्यावर पोचला होता.

तेव्हा कुठे दिरांना कंठ फुटला. "आई, नाव मी खडकावर घातली. जास्त फेऱ्या मारायच्या म्हणून ओहोटीतही नेली. हिनं कुठं सुकाणू धरलं होतं?"

सासूबाईंनी तांब्या कठड्यावर ठेवला. मग धाकटीचा दंड धरला. "उन्हात किती उभी राहशील? घरी चल."

देवाला मी आजही हात जोडते. पण त्याच्या नावावर कुणी तुमच्या माणसाला दोषी ठरवू लागला, तर हात जोडू नका, हात पुढे करा. दोर मागा, स्वतः बुडवून बघा. जो दोर देत नाही, त्याच्या हाती कुणाचा संसार देऊ नका. आणि नाव फुटली, तर आधी नावाड्याला विचारा.