सहस्रकुंडाचं सामान

यादी सिद्रामप्पांनी लातूरहून येताना एसटीतच केली होती, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. गाडीच्या हादऱ्यांनी अक्षरं वाकडीतिकडी झाली होती. नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर लेकीच्या हातात धपाट्यांचा डबा देण्याआधी त्यांनी ती पत्रिका दिली.

"वाच. काही ऱ्हायलंय का बघ."

मंजुश्रीनं वाचलं. कार्ड. जास्तीची बॅटरी. पट्टा. काळी काच. तीन पायांचं, पण लहान.

"अप्पा, आधी घरी चला. चहा तरी घ्या."

"चहा काय पळून जातोय? दुकान बंद झालं म्हंजे?"

दुकान रात्री नऊला बंद होत असे आणि आता सकाळचे साडेअकरा वाजले होते. पण बहात्तर वर्षांच्या माणसाची घाई बघून मंजुश्रीलाही घाई झाली. रिक्षा थेट वजिराबादेत, कॅमेऱ्याच्या दुकानापाशी घेतली.

मंजुश्रीनं मागवलेला कॅमेरा गुरुवारी कुरिअरनं तिच्याकडे आला होता. आत आरसा नसलेला, नव्या धाटणीचा, तळहातावर मावेल एवढा. रविवारी दोघं तो घेऊन सहस्रकुंडला जाणार होते. सिद्रामप्पांनी लातुरात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आणि त्यातली निम्मी वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांच्या पाठीमागे सहस्रकुंडाचा धबधबा कोसळत होता. पडद्यावर रंगवलेला, एका कॅलेंडरवरून. खरा धबधबा त्यांनी कधी पाहिला नव्हता. लग्नसराईतून सवडच मिळाली नाही.

तो पडदा मंजुश्रीमुळे उतरला. अठराव्या वर्षी, कॉलेजच्या ग्रंथालयातले फोटोग्राफीचे जाडजूड ग्रंथ पालथे घालून ती सुट्टीला आली आणि म्हणाली, "अप्पा, हे काढा हो. किती खोटं दिसतं." दुसऱ्या दिवशी तिथे नुसती पांढरी भिंत होती. तेव्हापासून ते फोटो दाखवून "कसा आलाय?" विचारायचे आणि ती म्हणायची, "ठीक आहे." पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. कॅमेरा तिनं त्या पडद्यापायीच घेतला होता. वस्तू आणणं तिला जमायचं, बोलणं नाही.

दुकानाचे मालक उमाशंकर मूळचे उदगीरचे, चाळिशीचे, बोलके. त्यांनी आधी भली मोठी बॅग काउंटरवर ठेवली.

"ही घ्या काका. दोन लेन्सा, फ्लॅश, लॅपटॉप, सगळं मावतंय."

"आन कॅमेरा कुठं ठिवायचा? खिशात?" सिद्रामप्पा म्हणाले. "ओझं नको म्हणून एवढुसा घेतला, आन त्याच्यासाठी गाढवाचं ओझं वाहायचं व्हय?"

बॅग परत गेली. फ्लॅशही गेला. "धबधब्याला उजेड दावून काय त्याचं तोंड बघायचंय?" मंजुश्री फिसकन हसली. दूरवरून बटण दाबायचा रिमोटही त्यांनी बोटानं बाजूला सारला. कॅमेऱ्यातच दोन सेकंदांचा टायमर होता, तो त्यांनी लेकीनं फोनवर पाठवलेल्या माहितीपुस्तकात वाचून ठेवला होता. जास्तीची बॅटरी मात्र त्यांनी मागून घेतली. "ह्येचा पडदा सारखा चालू. बॅटरी खातोय नुसता. धबधब्यापाशी जाऊन मेली तर काय, हात जोडून यायचं?"

मग काळी काच. ती उजेडाकडे धरून त्यांनी एक डोळा मिटला.

"हा कॅमेऱ्याचा गॉगल, मंजू. उजेड आत कमी जातो, मग शटर जास्त वेळ उघडं ठिवता येतं. पाणी कसं दुधावानी दिसतंय बघ उद्या. पण कॅमेरा तसूभर हलता कामा न्हाई. म्हणून तिकाटणं."

"काका, तुम्ही ह्याच लाईनमधले का?" उमाशंकरांनी विचारलं.

"होतो. लातूरला."

"धबधब्याचा पडदा होता तो स्टुडिओ?" उमाशंकर उभेच राहिले. "अहो, माझ्या आईवडलांचा लग्नानंतरचा फोटो तुमचा! अजून भिंतीवर हाय. आई सांगायची, आम्ही म्हैसूरला फिरायला गेलो तवाचा. दहावीपर्यंत मला खरं वाटून राहिलं होतं!"

सिद्रामप्पा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुसता पुसता त्यांनी लेकीकडे तिरकं बघितलं. मंजुश्री तिकाटण्याचे लवचीक पाय वाकवण्यात फार गुंतलेली होती.

पट्टा मनगटाचा घ्यावा असं तिला वाटत होतं. तो दिसायला नेटका होता.

"गळ्यातलाच घे. धबधब्याची दगडं निसरडी असत्यात. हातातलं सुटतं, गळ्यातलं न्हाई." त्यांनी शर्टावरून छातीवरच्या इष्टलिंगाला बोट लावलं. "पाळण्यात हुतो तवापासून हे गळ्यात हाय. कधी कुठं विसरलोय का?"

"आणि कार्ड," उमाशंकर म्हणाले. "ते नसलं तर बाकी सगळं फुकट."

"ते मला नका सांगू! मुखेडच्या एका फोटोग्राफरनं अख्खं लग्न काढलं, आन कॅमेऱ्यात रीळच न्हाई. अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत नुसतं खटाखट. पुढं दोन वर्षं त्या गावच्या बाजाराला गेला न्हाई गडी!" सांगता सांगता त्यांनी कार्डाचं पाकीट उचललं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "हे पिशवीत नको. बारीक वस्तू हाय, हरवंल."

संध्याकाळपर्यंत बॅटऱ्या भरल्या. तेवढाच धीर निघाला. पट्टा गळ्यात अडकवून सिद्रामप्पा गच्चीवर गेले. ऊन कलतं झालं होतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

"अप्पा, कपाळ!" मंजुश्री ओरडली. "नव्या कॅमेऱ्याला सगळी विभूती लागली!"

"लागू दे की. त्येला बी आशीर्वाद लागतोय."

ती हसली, आणि त्याच क्षणी बारीकसा 'टक्' आवाज झाला. सिद्रामप्पांनी कॅमेरा फिरवून तिच्यापुढे धरला; मागच्या पडद्यावर तिचा फोटो आला होता. कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकलं, पण नव्या यंत्रात काही ना काही लुकलुकतच असतं. दोन सेकंदांत पडदा पुन्हा मोकळा झाला. सिद्रामप्पांचा चष्मा कपाळावर होता. त्यांना नीटसं दिसलं नव्हतं.

"कसा आलाय?"

"ठीक आहे," मंजुश्री म्हणाली. "मागे पाण्याची टाकी आलीय."

"टाकी व्हय." त्यांनी मान हलवली. "उद्या मागं धबधबा ठिवू. खराखुरा!"

पाचला निघायचं ठरलं होतं. सव्वापाच झाले तरी हालचाल नाही म्हणून मंजुश्री उठवायला गेली. सिद्रामप्पा उठले नाहीत. झोपेतच गेले, डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी त्यांना लातूरला नेलं आणि लिंगायत रीतीप्रमाणे बसवून समाधी दिली. गळ्यातलं लिंग गळ्यातच होतं.

मंजुश्रीनं कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. उघडून बघायचा धीर होत नव्हता, पण आत अप्पांनी काढलेला शेवटचा फोटो आहे, एवढ्यावर तिचे दिवस जात होते. कधीतरी तो उमाशंकरांकडून मोठा करून घ्यायचा, एवढं तिनं ठरवलं होतं.

दोनेक आठवड्यांनी लातूरहून तिच्याकडे राहायला आलेली आई, शांतम्मा, नवऱ्याच्या इथे राहिलेल्या पिशवीतले कपडे आवरत होती. तिनं एक शर्ट झटकला आणि म्हणाली, "हे काय गं खिशात?"

कार्ड होतं. पाकीटही फोडलेलं नव्हतं.

मंजुश्री उठली. कॅमेऱ्याच्या तळाची झडप उघडली. खाच रिकामी होती.

आधी ती हसली. अगदी मोठ्यानं. "आई, मुखेडचा गडी! अप्पांनी मुखेडच्या गड्यासारखंच केलं!" तिनं सगळी हकीकत सांगितली, तेव्हा शांतम्माही डोळ्यांना पदर लावून हसली. मग तिनं ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"म्हंजे तो फोटो तू एकटीनंच बघितलास," शांतम्मा म्हणाली. "कसा आलता गं?"

मंजुश्रीनं तोंड उघडलं. 'ठीक' हा शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडकला. "सांगते," ती म्हणाली. सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मायलेकी सहस्रकुंडला गेल्या. इस्लापूरला उतरून रिक्षा केली. धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला, आणि शांतम्मा म्हातारपण विसरून लेकीच्या पुढे चालू लागली. काळ्या खडकांवरून पैनगंगा अंग झोकून देत होती. तुषार इतके, की समोरचा काठ मधूनच पुसून जाई.

"एवढं पाणी!" शांतम्मा ओरडली. "आपला पडदाच बरा की! भिजायचं तरी काम नव्हतं!"

मंजुश्रीचे हात भराभरा चालू लागले. पाकीट फोडलं, कार्ड आत सरकवलं, दोनदा तपासलं. खडकावर सपाटी नव्हती, पण तिकाटण्याचे पाय वाकवून रोवले तसे घट्ट बसले. एकदा तिचा पाय सरकला. कॅमेरा हातातून सुटला आणि गळ्यातल्या पट्ट्याला लोंबत राहिला. काळी काच चढवली. पहिली बॅटरी तासाभरात संपली आणि दुसरी कामाला आली. अप्पांचं एकेक म्हणणं बरोबर निघत होतं, आणि दर वेळी तिला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं. भिंग तिनं पुन्हा पुन्हा पुसलं. मागची बाजू, जिथे विभूतीचा पुसट राखाडी डाग होता, ती पुसली नाही.

"पडद्यापुढं लोक राहायचे तशी उभी ऱ्हाऊ का?" शांतम्मानं पदर सावरून विचारलं.

"हाव, तशीच. ताठ!"

टायमर लावून मंजुश्रीनं हात मागे घेतला. एक, दोन. टक्. पडद्यावर आई उमटली, मागे दुधाची भिंत. दोन सेकंदांनी फोटो गेला. पण बटण दाबल्यावर परत आला. दाबेल तितक्यांदा येत होता.

"कसा आलाय?" आईनं विचारलं.

मंजुश्री पाण्याकडे वळली. त्याचा आवाज ऐन भरात होता. आईला ऐकू जाईल, पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाईल, इतक्या मोठ्यानं ती बोलली.

"अप्पा, मी हसत होते त्यात. केस उडत होते, तोंडावर ऊन होतं. एवढी चांगली मी कुठल्याच फोटोत आले नाही. लई चांगला आला होता, अप्पा. टाकीसकट."